सॅक भरायची ती थांबण्यासाठी

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहाटेच्या गाड्यांनी लोणावळ्याला उतरणाऱ्या तरुण मंडळींच्या पाठीकडे नीट पाहिलं, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. बहुतेकांनी तयारी केलेली असते ती चालण्याची. हलकी सॅक, पाण्याची एक बाटली, बिस्किटांचे दोन पुडे, अंगात जॅकेट, खिशात फोन. सगळं ठरल्यासारखं पार पडलं तर एवढ्यावर लोहगड होतो, राजमाचीही होते. पण कुणाचा तरी पाय मुरगळतो, ओढ्याला पाणी चढतं, धुकं उतरून वाट दिसेनाशी होते, आणि आहे त्या जागी दोन तास, चार तास, एखाद वेळी अख्खी रात्र काढायची पाळी येते. डोंगरातली खरी परीक्षा त्या वेळी सुरू होते. म्हणून सॅकेत काय घालायचं हे त्या न ठरवलेल्या मुक्कामाकडे बघून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. चालायला फारसं काही लागत नाही. थांबायला लागतं.

मावळात हे जास्तच खरं आहे, आणि त्याचं कारण तिथल्या पावसात आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासहाशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलेलं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणातून या कड्यावर चढतात, चढताना थंड होतात आणि इथेच रिते होतात. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस इथे पडतो. तिथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे. पुण्याच्या गॅलरीतून आभाळाकडे बघून सॅक भरली तर ती हमखास चुकते. खुद्द मावळातही वडगाव-तळेगावचा पूर्व भाग वेगळा आणि घाटमाथा वेगळा. कामशेतला रिमझिम चालू असते तेव्हा खंडाळ्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नसतो.

राजमाचीचं उदाहरण घेऊ. मुंबई-पुण्याच्या कितीतरी पिढ्यांनी पावसातली पहिली भटकंती इथेच केली. लोणावळ्याकडून तुंगार्ली, वळवण, फणसराई अशी वाट उधेवाडीपर्यंत जाते. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण चढ फार नाही. कर्जतकडून कोंदिवड्याहून आलं तर कोंढाणे लेण्यांजवळून चांगली दमवणारी चढण आहे. वर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मध्ये भैरवनाथाचं देऊळ, आणि माचीवर उधेवाडी. गावात घरोघरी जेवणाची-मुक्कामाची सोय होते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लोणावळ्याकडच्या त्या लांबलचक वाटेवर मधल्या मध्ये आडोसा असा जवळपास नाही, आणि जोराच्या पावसात ओढे वाटेवरूनच वाहतात. गावात पिठलं-भाकरी तयार असली तरी तिथपर्यंत पोचेस्तोवरची जबाबदारी आपल्या पाठीवरच्या सॅकेची.

आता थोडं शरीराकडे वळू, कारण सॅकेचं सगळं गणित तिथूनच निघतं. शांत बसलेल्या माणसाचं शरीर सुमारे शंभर वॅट उष्णता तयार करतं. ओझं घेऊन चढ चढताना हीच उष्णता पाचशे वॅटच्या घरात जाते. म्हणून चढताना भर पावसात, नुसत्या टी-शर्टवरही थंडी वाजत नाही, उलट जॅकेट काढावंसं वाटतं. थांबल्याबरोबर भट्टी मंदावते, पण अंगावरचे कपडे ओलेच राहतात. स्थिर पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. त्यात कड्यावरचा वारा ओल्या कपड्यांतलं पाणी उडवत राहतो, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आपल्याच अंगातून जाते. कपड्यांत अर्धा लिटर पाणी मुरलेलं असेल आणि ते अंगाच्या उबेवर सुकवायचं म्हटलं, तर जवळजवळ २९० किलोकॅलरी खर्ची पडतात. दीड-दोन भाकऱ्यांची ताकद नुसती कपडे वाळवण्यात गेली. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरलं की आधी हुडहुडी भरते, मग बोलणं अडखळतं, हात ऐकेनासे होतात, पाय चुकीचा पडतो. त्यासाठी हिमालयातच जावं लागतं असं नाही. हवेचं तापमान वीस अंशांच्या आसपास असतानाही भिजलेला, दमलेला, उपाशी माणूस वाऱ्यात बसून राहिला तर गारठतो. अंगाने बारीक असलेली मुलं-मुली तर फार लवकर.

जीन्स घालून पावसात डोंगरावर जाऊ नये असं सगळे सांगतात, का ते कुणी सांगत नाही. सुताचा धागा साध्या हवेतच वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कादेखील धरत नाही. त्यामुळे सुती कापड पाणी धाग्याच्या पोटात घेतं आणि जाड विणीची जीन्स तर दिवसभर सुकतच नाही. ओली झाली की गुडघ्याला घट्ट बसते, मोठं पाऊल टाकताना मांडीला अडते, आणि रात्री वाळत घातलेली सकाळी तशीच ओली हातात येते. स्वस्तातली पॉलिएस्टरची ट्रॅक पँट याहून शंभर पटींनी बरी. पिळली, झटकली, तासाभरात अंगावरच सुकली.

मावळातल्या जुन्या माणसांना हे गणित मांडावं लागलं नव्हतं. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी लोकरीची असते, आणि लोकर बरंच बाष्प पोटात घेऊनही हाताला ओलसर लागत नाही, भिजली तरी ऊब पुरती सोडत नाही. घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की मागचं अंग पोटरीपर्यंत झाकलं जायचं. भाताच्या लावणीला वाकलेल्या बायांच्या पाठीवर इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर रचलेली पानं. त्याची खुबी अशी की दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ व इरलं यांच्यात हवा खेळती राहते. महागड्या जॅकेटला काखेखाली चेन देतात ती याच कारणासाठी. बाहेरचं पाणी अडवणारं कापड आतला घामही अडवतं, आणि पावसाने नाही तरी घामाने माणूस भिजतोच. आज घोंगडी पाठीवर वाहून न्या असं मी म्हणणार नाही, भिजल्यावर तिचं वजन पेलवत नाही. पण लोकरीचा एक पातळ स्वेटर किंवा फ्लीस, आणि एक लोकरीची माकडटोपी सॅकेत असावी. जुलैत असावी, ऑगस्टमध्ये असावी. टोपीचं वजन पावशेरही भरत नाही.

आणि ती कोरडी असावी. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्या तयारीत ढिलाई होते ती इथेच. सॅकेवर रेनकव्हर चढवलं की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. रेनकव्हर सॅकेची बाहेरची बाजू झाकतं. पाठीकडची बाजू उघडीच असते. मानेवरून ओघळणारं पाणी खांद्याच्या पट्ट्यांतून पाठीच्या गादीत मुरतं, तिथून सॅकेत शिरतं, आणि तळाला साठतं. कव्हर बाहेरून घट्ट बसलेलं असल्यामुळे ते बाहेर जात नाही. मुक्कामाला पोचून सॅक उघडली की सगळ्यात खाली ठेवलेली स्लीपिंग बॅग पाण्यात बसलेली असते.

उपाय साधा आहे. सॅकेच्या आत मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालायची आणि सामान त्या पिशवीत भरायचं. खताच्या गोणीच्या आत असतं तशा जाडीचं प्लास्टिक सगळ्यात टिकाऊ. कचऱ्याची काळी पिशवी वापरायची तर दोन एकात एक घालाव्यात. सामान भरल्यावर पिशवीवर हलकेच गुडघा टेकून हवा काढायची, तोंड पिळून त्याची दोरी करायची, ती दोरी उलटी दुमडायची आणि वर जाड रबर बांधायचं. नुसती गाठ मारली तर पाणी झिरपतं, आणि भिजल्या बोटांनी ती गाठ सुटतही नाही. आत पुन्हा छोट्या पिशव्या. कपड्यांची वेगळी, औषधांची वेगळी, काडेपेटी आणि पैशांची वेगळी. रेनकव्हर लावायला हरकत नाही, पण तळाला एक छोटं भोक पाडलेलं असावं.

या अस्तराच्या आत जो कपड्यांचा सुका जोड असतो, त्याला एक कडक नियम लागू होतो. तो थांबल्यावरच घालायचा, चालताना कधीच नाही. उधेवाडीत पोचलं की ओसरीवरूनच हाक येते, “दादा, आधी कोरडं घाला अंगात, च्या होतोय.” रात्रभर सुका जोड अंगावर, आणि सकाळी निघताना तो काढून परत पिशवीत, अंगात पुन्हा कालचे गार, ओले कपडे. तेवढी दोन मिनिटं जिवावर येतात. पण सुका जोड घालून पावसात निघालं की अर्ध्या तासात दोन्ही जोड ओले, आणि मग वाटेत थांबायची वेळ आलीच तर हाताशी काही उरत नाही. त्यात मोजे विसरू नयेत. रात्री पाय कोरडे राहिले की दुसऱ्या दिवशी तळवे पांढरे पडून सोलत नाहीत.

बुटांबद्दल मतं पुष्कळ आहेत. सह्याद्रीचा काळा बसाल्ट कोरडा असताना पाय उत्तम धरतो आणि शेवाळलं की कुठल्याच तळव्याला दाद देत नाही. त्यामुळे हजारो रुपयांचे बूट घेतले म्हणजे घसरणार नाही, ही समजूत आधी काढून टाकावी. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळवा पुरे. अ‍ॅक्शन कंपनीचे साधे बूट घालून सह्याद्री पालथा घातलेली माणसं ठिकठिकाणी भेटतात. वॉटरप्रूफ बूट मात्र मावळातल्या पावसात काही कामाचे नाहीत, कारण ओढ्यात पाय घातला की पाणी वरून शिरतं आणि आत साठून राहतं. पाणी झटकन बाहेर टाकणारा बूट बरा. नवा कोरा बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये, एवढं सांगितलं की पुरे.

खाण्याच्या बाबतीत लोणावळ्याहून चांगली जागा नाही. शेंगदाण्याची चिक्की इथल्या दुकानांतून घेऊन लोक घरी भेट म्हणून नेतात. खरं तर ती डोंगरावर न्यायची वस्तू आहे. शंभर ग्रॅम चिक्कीत पाचशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. गुळाची ऊर्जा लगेच मिळते, शेंगदाण्याची सावकाश, आणि शिजवायची-पेटवायची कटकट नाही. फक्त हवेतल्या दमटपणाने ती चिकट होते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. वाटेत खायचं वेगळं आणि अडकलो तर खायचं वेगळं, अशा दोन पुड्या कराव्यात, आणि दुसरी पुडी घरी परत येईपर्यंत फोडू नये.

पाणी पावसाळ्यात चहूकडे असतं म्हणून लोक बाटली नेत नाहीत, आणि तहान जाणवत नाही म्हणून पीत नाहीत. घाम मात्र येतच असतो. ऑक्टोबर उजाडला की चित्र पालटतं. त्याच वाटेवर डोकं तापवणारं ऊन, वाळलेलं गवत, आटलेले ओढे. तेव्हा माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो वजन, मुकाट्याने वाहायचं. ओआरएसची पुडी सहसा एक लिटरसाठी केलेली असते. ग्लासभर पाण्यात पूर्ण पुडी ओतली तर क्षाराचं प्रमाण भलतंच वाढतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. बाटली लिटरची असेल तर मापाचा प्रश्न उरत नाही.

मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता एकटाच लोणावळ्याजवळच्या नागफणी कड्याच्या बाजूच्या जंगलात गेला. वाट चुकल्याचं त्याने फोनवरून घरच्यांना कळवलं. त्यानंतर फोनची बॅटरी संपली आणि संपर्क तुटला. शिवदुर्ग मित्रसारख्या लोणावळ्याच्या बचाव पथकांनी, पोलिसांनी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शोध घेतला, पण चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेहच हाती लागला. ज्यांना नागफणीचा परिसर ठाऊक आहे त्यांना कळेल की तिथे वाट चुकणं किती सोपं आहे. ढोरवाटा चहूकडे फुटतात, कारवीच्या रानात सगळ्या सारख्याच दिसतात, आणि त्यातल्या काही थेट कड्याच्या तोंडाशी जाऊन संपतात. त्या मुलाला बोल लावायचा प्रश्नच येत नाही. पण या घटनेनंतर तरी तीन वस्तू प्रत्येकाच्या सॅकेत, निदान खिशात, असायलाच हव्यात.

पहिली शिट्टी. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते आणि धबधब्याच्या आवाजातून तिचा बारीक स्वर पलीकडे जातो. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरातली मदतीची ही खूण जगभर चालते, आणि उत्तरादाखल मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. दुसरी कपाळावर बांधायची बॅटरी, म्हणजे हेडटॉर्च, नव्या सेलसह. फोनचा टॉर्च हा टॉर्च नव्हे, तो बॅटरी संपवायचा मार्ग आहे. तिसरी पॉवर बँक, वायरीसह, छोट्या पिशवीत गुंडाळलेली. रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी उतरते, म्हणून तो एअरप्लेन मोडवर ठेवावा. रेंज नसली तरी उपग्रहांवरून आपलं ठिकाण त्याला कळतं, नकाशा आधी उतरवून घेतलेला असला की झालं. अडकलात तर अक्षांश-रेखांश संदेशात लिहून पाठवा, मग ११२ ला फोन लावा, आणि हलू नका. बचाव करणाऱ्यांना एका जागी बसलेला माणूस सापडतो, फिरणारा सापडत नाही.

सोबत वाटाड्या किंवा लीडर असला की यातलं बरंचसं त्याच्याकडे असेल असं आपण गृहीत धरतो. काही असतंही. दोर, मोठी प्रथमोपचार पेटी, माणसांची यादी, गावातल्यांचे नंबर हे त्याचं काम. २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे भरण्याआधी नोंदणी आहे का, विमा आहे का, एका लीडरमागे किती माणसं आहेत, आणि पाऊस वाढला तर मागे फिरायचा निर्णय कोण घेणार, हे सरळ विचारावं. विचारल्याने कुणाला राग येत असेल तर त्यांच्यासोबत जाऊ नये. पण तुमचा सुका जोड, तुमची गोळी, तुमचा हेडटॉर्च, तुमचं पाणी ही लीडरच्या सॅकेत नसतात, आणि असूही नयेत. चाळीस जणांत एकच बॅटरी असेल तर अंधारात उरलेले एकोणचाळीस आंधळेच.

गावातला वाटाड्या एक गोष्ट बरोबर आणतो जी कुठल्याही दुकानात मिळत नाही. कुठला ओढा किती पावसात किती चढतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी गुडघ्याएवढं होतं तेव्हा ते तिथे उभे होते, आणि बघता बघता लोंढा आला. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असलं तरी पाणी येतं. गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, आवाज बदलला की तिथून निघायचं, मग तो जेवणाचा डबा राहिला तरी चालेल. सॅकेतली कुठलीही वस्तू इथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो हाताशी शिल्लक ठेवलेला वेळ. ओढ्याला पाणी आहे, थांबू या, असं वाटाड्याने म्हटलं तर निमूटपणे थांबता यावं, एवढ्याचसाठी आपण सुका जोड आणि जादा खाणं वाहत असतो. ज्याच्याकडे ते नसतं त्याला घाई होते. त्या दुर्घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मावळातल्या धोक्याच्या जागांवर बंदी आदेश काढले. पुढेही पावसाळ्यात असे आदेश निघतात, तेव्हा निघण्याआधी चालू आदेश पाहून घ्यावेत.

बसून राहण्याचीच सहल करायची असेल तर मासेमारीला जावं. तुंग, तिकोना आणि लोहगडाच्या मधोमध पसरलेल्या पवना जलाशयाच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याची अडचण ट्रेकरच्या नेमकी उलट. त्याचं शरीर दिवसभर शंभर वॅटवरच चालतं. त्यामुळे त्याला ट्रेकरपेक्षा एक गरम कपडा जास्त लागतो, आणि बुडाखाली काहीतरी लागतंच, कारण ओली जमीन वाऱ्याइतकीच उष्णता ओढते. जुन्या योगा मॅटचा हातभर तुकडा यासाठी फार उत्तम. रुंद कडांची टोपी, आणि पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल. गळ फेकताना तो डोळ्याकडे येऊ शकतो, तेव्हा हा गॉगल डोळा वाचवतो. कातळाच्या नाहीतर चिखलाच्या उतरत्या काठावर लाइफ जॅकेट घालावं, पोहता येत असलं तरी. धरणांतल्या मासेमारीचे हक्क शासन बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतं, त्यामुळे तिथल्या माणसांना विचारूनच बसायचं. वळवण, शिरवता ही टाटांची धरणं १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघरासाठी बांधलेली, ती कंपनीच्या ताब्यात आहेत आणि परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही.

पण वळवणचं नाव गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने आदराने घ्यावं असं काम तिथे झालं आहे. आपल्याकडच्या नद्यांतला खडस, म्हणजे निळसर पंखांचा महसीर, विज्ञानाला माहीत झाला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. शास्त्रीय नावातलं खुद्री हे तेव्हापासूनचं. धरणं झाली, प्रवाह तुटले, सुरुंग लावून मासे मारले गेले आणि हा मासा झपाट्याने घटला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि केंद्रातले ओगले यांनी ही पद्धत बसवली, आणि इथली पिल्लं देशभरातल्या पाण्यांत गेली. आज या जातीला जागतिक यादीत तातडीचा धोका राहिलेला नाही. गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कावेरीतही हे मासे सोडले गेले, आणि तिथला मूळचा कुबड्या महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. बाहेरून आलेल्या या भाईबंदाने त्याची जागा घेतली, हे त्यामागच्या कारणांपैकी एक, असं संशोधकांनी दाखवलं आहे.

हे सगळं सांगायचं कारण तुमच्या पिशवीत आहे. एका तळ्यातले जिवंत मासे आमिष म्हणून दुसऱ्या तळ्यावर नेऊ नयेत. जाळी, बूट, बादली एका पाण्यातून दुसऱ्यात नेण्याआधी उन्हात खडखडीत वाळवावी. गळाच्या टोकामागचं उलटं कुसळ पक्कडीने दाबून सपाट करावं, मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही, आणि तो गळ आपल्याच बोटात घुसला तर आल्या वाटेने निघतो. लांब चोचीची पक्कड त्यासाठी सगळ्यात वरच्या खिशात. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगजंतूंपासून त्याचं रक्षण करणारा थर तोच. महसीर पावसाळ्यात प्रवाहाकडे चढून अंडी घालतो. त्या दिवसांत सापडलाच तर वजनकाटा, फोटो, टाळ्या यांत वेळ न घालवता पाण्यातल्या पाण्यात सोडून द्यावा.

काही वस्तू मुद्दाम घरी ठेवायच्या असतात. मोठ्या आवाजाचे स्पीकर आणि अत्तर-परफ्यूम यांत पहिले. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं लोंबत असतात. उग्र वास, धूर, गोंगाट यांनी ती उठतात, आणि उठली की पळण्याशिवाय इलाज नसतो. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट, आणि तोंडावर ओढायला मोठा रुमाल कामी येतो. मधमाशीची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने आपलं औषध लीडरला दाखवून ठेवावं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी हेडटॉर्चला लाल जिलेटिन कागद लावावा. काजवे उजेडाच्या उघडझापीतून जोडीदार शोधतात, पांढऱ्या झोतात त्यांची ती भाषाच पुसली जाते. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. आणि परतीची कचरापिशवी, जाड आणि रिकामी. किल्ल्यावर कचराकुंडी शोधत बसू नये.

औषधांच्या पिशवीत क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, त्रिकोणी पट्टी आणि आपली रोजची औषधं. सापासाठी ब्लेड, दोरी, चोखायचं यंत्र यातलं काहीही नको. चावलेल्या जागी कापणं किंवा वर करकचून बांधणं याने हात-पाय गमावण्याची वेळ येते. हाड मोडल्यावर बांधतात तसा तो अवयव पट्टी आणि काठीने स्थिर करायचा, अंगठ्या-कडी काढायच्या, माणसाला चालू न देता उचलून न्यायचं आणि शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष तिथे मिळतं.

जलरोधक चिकटपट्टी मात्र मी दुप्पट ठेवतो. टाचेच्या फोडासाठी ती लागतेच, पण भातखाचरांच्या आणि ओढ्यांच्या पाण्यात उतरण्याआधी पायावरची प्रत्येक खरचटलेली जागा झाकायलाही लागते. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साठलेल्या पाण्यात येतात आणि उघड्या जखमेतून अंगात शिरतात. घरी पोचल्यावर सॅक उलटी करून, बूट सैल करून वाऱ्याला टाकावेत, पाय साबणाने धुवावेत, आणि पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवावं. थंडी वाजून ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की कळ, असं काही दिसलं तर दुखणं अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावं, की अमुक दिवशी मावळात पाण्यातून चाललो होतो. सुरुवातीच्या दिवसांत साध्या अँटिबायोटिकने हा आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो.